‘युद्धात पहिला बळी सत्याचा’ हे उत्तर आता पुरे: मराठी संपादकांना खुलं पत्र

प्रति,
मराठी वृत्तवाहिन्या आणि वर्तमानपत्रांचे सर्व संपादक

सप्रेम नमस्कार.

पत्रकारितेवरच्या एका परिसंवादात नुकताच एक प्रश्न विचारला गेला. विचारणारी पत्रकारितेचीच विद्यार्थिनी होती. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर चालू असताना वाहिन्यांनी ज्या बातम्या दिल्या आणि ज्या पुढे खोट्या निघाल्या, त्यांचं नंतर काय झालं, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. व्यासपीठावरचे ज्येष्ठ संपादक म्हणाले, ‘अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीक नाटककार एस्किलस सांगून गेलाय, युद्धात पहिला बळी सत्याचा जातो.’ टाळ्या पडल्या. सूत्रसंचालकांनी पुढचा प्रश्न घेतला.

हे वाक्य तेव्हापासून मी अग्रलेखांत वाचलंय, रविवारच्या पुरवण्यांत वाचलंय, रात्रीच्या चर्चांमध्ये ऐकलंय. कधी ते एस्किलसच्या नावावर असतं, कधी अमेरिकेचे सिनेटर हायरम जॉन्सन यांच्या, कधी नुसतंच ‘म्हणतातच ना’ म्हणून येतं. काम मात्र दरवेळी एकच करतं. प्रश्न मिटवतं.

मी साताऱ्यात कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. माझे सासरे सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि धाकटे दीर आज जम्मूकडे आहेत. आमच्या जिल्ह्यात यात विशेष काही नाही. अपशिंगे मिलिटरी हे गाव इथून जवळच आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाला युद्धाच्या बातमीतलं खोटं नुसतं वाचून सोडून देता येत नाही. म्हणून या वाक्याच्या मुळाशी जायचं ठरवलं, आणि जे हाती लागलं ते सगळ्यांदेखत तुमच्यापुढे ठेवते आहे.

एस्किलसने हे म्हटलेलं नाही. त्याची म्हणून सात नाटकं आज पूर्ण स्वरूपात हाताशी आहेत, बाकीच्यांचे तुकडे आहेत. हे वाक्य कशातच नाही. तो स्वतः इराणी फौजेविरुद्ध मॅरेथॉनच्या रणात लढलेला माणूस. हरलेल्या इराणी दरबारात काय आकांत झाला असेल, यावर त्याने नाटक लिहिलं आणि ते जिंकलेल्या अथेन्सच्या लोकांना दाखवलं. युद्धाबद्दल त्याला खरोखर काय म्हणायचं होतं हे ज्यांना हवं असेल, त्यांनी ते नाटक वाचावं.

हायरम जॉन्सन १९१७ मध्ये सिनेटमध्ये आले. ते वारले १९४५ च्या ६ ऑगस्टला, ज्या दिवशी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला त्याच दिवशी. असं वाक्य अशा माणसाला चिकटावं यात नवल नाही. पण सिनेटच्या छापील कामकाजात त्यांच्या तोंडी ते अभ्यासकांना सापडलेलं नाही. आणि ते बोलले असं घटकाभर धरलं, तरी त्याच्या आधीच ते वाक्य इंग्लंडमध्ये छापलं गेलेलं होतं.

ते छापणारी माणसं कोण होती, हे तुम्ही नीट पाहावं अशी माझी विनंती आहे. कारण खरा मुद्दा तिथेच आहे.

१९१५ मध्ये ते एथेल स्नोडेन यांच्या लिखाणात येतं. बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून लढणारी आणि महायुद्धाच्या विरोधात उभी राहिलेली ही बाई. ‘कोणीतरी छान म्हटलंय’ असं सांगून ती हे वाक्य देते, आणि त्याच दमात पुढे म्हणते की युद्ध बायकांच्या आणि घरादाराच्या रक्षणासाठी लढलं जातं, यापेक्षा मोठं असत्य कधी बोललं गेलं नाही. म्हणजे तेव्हाही वाक्य लोकांच्या तोंडी फिरतच होतं. पहिला धनी कोण, याला कागदोपत्री उत्तर नाही.

पुढच्याच वर्षी, जुलै १९१६ मध्ये, एथेलचे पती आणि मजूर पक्षाचे खासदार फिलिप स्नोडेन यांनी एका पुस्तकाला प्रस्तावना लिहिली. तिथेही हे वाक्य ‘असं म्हटलं गेलं आहे’ म्हणून येतं. पुस्तक होतं ई. डी. मोरेल यांचं, ‘ट्रुथ अँड द वॉर’. मोरेल म्हणजे काँगोत बेल्जियमच्या राजा लिओपोल्डने चालवलेले अत्याचार जगापुढे आणणारा माणूस. त्या वेळी साऱ्या इंग्लंडने त्यांना डोक्यावर घेतलं होतं. १९१४ नंतर त्यांनी स्वतःच्या सरकारला विचारायला सुरुवात केली, की या युद्धाआधी तुम्ही कुणाशी कोणते गुप्त करार केलेत ते लोकांना सांगा. त्याबरोबर तेच मोरेल देशद्रोही ठरले. वर्तमानपत्रांनी त्यांना जर्मनीचा हस्तक म्हटलं. १९१७ मध्ये स्वित्झर्लंडला पत्रकं पाठवल्याच्या आरोपावरून त्यांना सहा महिने पेंटनव्हिलच्या तुरुंगात टाकलं. बाहेर आले ते खंगूनच. १९२२ च्या निवडणुकीत डंडीमधून निवडून आले, तिथे हरलेल्यांत विन्स्टन चर्चिल होते. त्यानंतर दोनच वर्षांत मोरेल गेले.

ती प्रस्तावना छापली गेली तो महिनाही लक्षात घ्या. १ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये सोमची लढाई सुरू झाली. पहिल्या एका दिवसात ब्रिटिश फौजेचे ५७,४७० जण मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. त्यांत मृत १९,२४०. लंडनच्या वर्तमानपत्रांनी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सांगितलं की सुरुवात चांगली झाली आहे. आणि त्याच्या दोनच महिने आधी, २९ एप्रिलला, मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत-अल-अमारा इथे ब्रिटिश हिंदी फौजेच्या पूना डिव्हिजनने तुर्कांपुढे शरणागती पत्करली होती. या डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या, आमच्याच घाटमाथ्यावरची पोरं. पाच महिन्यांचा वेढा, उपासमार, खेचरांचं मांस, आणि नंतर वाळवंटातून कैदेकडे चालत नेणं. त्यातले असंख्य परतले नाहीत. फ्रान्सच्या आघाडीवर गेलेल्या हिंदी शिपायांची पत्रं तर सरकारी सेन्सॉर उघडून वाचत असे, त्यांतले उतारे काढून अहवाल बनवत असे. घरी काय पोचावं आणि काय पोचू नये, हे ठरवणारी माणसं वेगळीच होती.

१९१७ चा एप्रिल. लंडनच्या बड्या वर्तमानपत्रांनी बातमी दिली की जर्मनांनी आघाडीमागे कारखाना काढला आहे, आणि तिथे स्वतःच्याच मेलेल्या सैनिकांची प्रेतं उकळून चरबी काढतात, तिचं तेल आणि डुकरांचं खाद्य करतात. बातमीला आधार काय, तर एका जर्मन वार्ताहराचा छोटासा मजकूर. त्यात उल्लेख होता जनावरांच्या मढ्यांवर प्रक्रिया करणाऱ्या ठिकाणाचा. जर्मनीने तेव्हाच इन्कार केला, कुणी ऐकलं नाही. बातमी जगभर गेली. डिसेंबर १९२५ मध्ये ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी पार्लमेंटमध्ये मान्य केलं की या कहाणीला कसलाही आधार नव्हता. साडेआठ वर्षांनी. या खोट्याची किंमत मात्र दुसऱ्या महायुद्धात कुणी भलत्यांनीच चुकवली. १९४२ मध्ये ज्यूंच्या संहाराच्या खऱ्या बातम्या लंडन आणि वॉशिंग्टनला पोचायला लागल्या, तेव्हा कित्येकांना तो जुना कारखाना आठवला आणि त्यांनी त्या बातम्यांवर विश्वास ठेवला नाही.

ही आणि अशी प्रकरणं एकत्र करून ब्रिटिश राजकारणी आर्थर पॉन्सनबी यांनी १९२८ मध्ये ‘फॉल्सहूड इन वॉर-टाइम’ हे पुस्तक काढलं. सुळावर चढवलेला कॅनडाचा सैनिक, हात तोडलेलं बेल्जियमचं बाळ, अशा एकेका बातमीचा माग काढत ते मुळापर्यंत जातात आणि दाखवतात की तिथे काहीच नव्हतं. याच पुस्तकाच्या आरंभी अवतरण म्हणून आपलं वाक्य आहे, आणि तिथून ते जगभर पसरलं. पॉन्सनबी १९१४ पासून युद्धाच्या विरोधात होते. १९१८ च्या निवडणुकीत त्यांची खासदारकी गेली, फिलिप स्नोडेन यांचीही गेली.

या वाक्यामागचा विचार शोधत आणखी मागे गेलं तर सॅम्युएल जॉन्सन भेटतात. इंग्रजी शब्दकोश रचणारे तेच. ११ नोव्हेंबर १७५८ च्या निबंधात ते लिहितात की युद्धामुळे येणाऱ्या संकटांत सत्याची ओढ कमी होणं हेही मोजलं पाहिजे. स्वार्थ खोटं रचतो आणि भाबडेपणा त्याला खतपाणी घालतो. तो निबंध आहे बातम्या लिहिणाऱ्यांवर. युद्ध चालू असलं की त्यांचं काम सोपं होतं, असं जॉन्सन म्हणतात. आधी लिहायचं लढाई होणार आहे, मग लिहायचं लढाई झाली, आणि तिच्यात आपण सगळं केलं, शत्रूने काहीच केलं नाही. युद्ध संपल्यावर कशाची भीती जास्त बाळगावी, लुटीची सवय लागलेल्या सैनिकांनी भरलेल्या रस्त्यांची की खोट्याची सवय लागलेल्या लेखकूंनी भरलेल्या पोटमाळ्यांची, हे आपल्याला ठरवता येत नाही, इथपर्यंत ते जातात.

संपादक महोदय, हा सगळा माग लावल्यावर माझ्या मनात जराही शंका उरलेली नाही. ज्यांनी हे वाक्य लिहिलं, छापलं, जपलं, त्यांनी ते वर्तमानपत्रांकडे आणि सरकारांकडे बोट दाखवून म्हटलं होतं. त्यासाठी त्यांनी तुरुंग सोसला, निवडणुका हरल्या, शेजाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या. तो तुमच्या धंद्यावर ठेवलेला आरोप आहे. आरोपीने तोच आरोप उचलून आपली सफाई म्हणून वाचून दाखवावा आणि सभेने टाळ्या वाजवाव्यात, हे मला सहन होत नाही. एस्किलसचं नाव घातलं की ते अडीच हजार वर्षं जुनं होतं, निसर्गनियमासारखं वाटायला लागतं, आणि मग कुणाचाच दोष राहत नाही. चुकीचं नाव इतकी वर्षं टिकलं ते याच सोयीमुळे, असं माझं मत आहे.

आता माझ्या तक्रारी. सगळ्यांनी सारखंच केलं असं मी म्हणत नाही. काही वर्तमानपत्रांनी ऑपरेशन सिंदूरच्या त्या रात्री थांबायचं ठरवलं, काही पत्रकार पहाटेपर्यंत एकेक चित्रफीत तपासत बसले होते. त्यांचे आभार. बाकीच्यांसाठी पुढचं.

पहिली तक्रार ८ मे २०२५ च्या रात्रीची. आमच्या घरी जी वाहिनी लागली होती तिच्या पडद्यावर नकाशा होता, कराचीवर लाल वर्तुळ फुगत होतं, खाली पट्टी: ‘कराची बंदर उद्ध्वस्त’. दिरांचा फोन संध्याकाळपासून लागत नव्हता. सासूबाईंनी आवाज बंद करायला लावला होता, पण पडदा बंद करू देत नव्हत्या. पट्टी सरकेल तशी त्यांची मान उजवीकडून डावीकडे फिरत होती, की मध्येच कुठे पलटणीचं नाव येतं का. सासरे एवढंच म्हणाले, ‘असली कारवाई करून कोणी टीव्हीला सांगत बसत नाही.’ ते बरोबर होते. ११ मेच्या पत्रकार परिषदेत नौदलाने सांगितलं की नौका सज्ज होत्या आणि कराचीसह ठरवलेल्या लक्ष्यांवर आपण निवडू त्या वेळी मारा करायची तयारी होती. तयारी होती. मारा झालाच नव्हता. इस्लामाबाद ताब्यात आल्याच्या, पाकिस्तानी लष्करप्रमुखांना अटक झाल्याच्या बातम्याही त्याच रात्री देशातल्या वाहिन्यांवरून गेल्या. आम्ही पाहत होतो त्या वाहिनीवर दुसऱ्या दिवशी यातल्या एकाही बातमीची दुरुस्ती दिसली नाही. मी त्या वाहिनीला लेखी तक्रार पाठवली. पोच आली, उत्तर आलेलं नाही.

दुसरी, भोंग्याची. हवाई हल्ल्याचा इशारा देणारा भोंगा तुम्ही कार्यक्रमांच्या मागे संगीतासारखा वाजवलात. शेवटी १० मेला नागरी संरक्षण खात्याच्या महासंचालनालयाला सांगावं लागलं की हा आवाज वापरू नका, लोकांना त्याची सवय झाली तर खऱ्या भोंग्याला कुणी हलणार नाही. ही गोष्ट खात्याने सांगेपर्यंत एकाही संपादकाला सुचू नये?

तिसरी सगळ्यांत जड आहे. पूंछमध्ये पाकिस्तानी गोळाबारात एक शिक्षक मारले गेले. आपला माणूस, शत्रूच्या तोफेने मारलेला. देशातल्या काही वाहिन्यांनी त्यांचा फोटो दाखवून त्यांना दहशतवादी ठरवलं. हे खोटं आहे, असं पूंछ पोलिसांना जाहीर करावं लागलं. घरात प्रेत असताना त्यांच्या माणसांनी हे पाहिलं असेल. सोमच्या किंवा कूतच्या काळात सरकारी सेन्सॉरकडे बोट दाखवता येत होतं. इथे कुणाच्या हुकुमाने हे झालं?

चौथी: तुम्ही हे देशासाठी केलं असं सांगता, तर देशाचं सैन्य काय म्हणतं तेही ऐका. ३१ मेला सिंगापूरमध्ये संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान म्हणाले की कारवाईच्या काळात सैन्याचा १५ टक्के वेळ खोट्या बातम्यांचा मुकाबला करण्यात गेला. सीमेपलीकडून येणारं खोटं त्यात असणारच. पण आतून त्यात भर घालायची काय गरज होती? त्या दिवसांत परराष्ट्र सचिव आणि दोन महिला अधिकारी पडद्यावर येऊन मोजकं, थंड डोक्याने, तारीखवेळ सांगून बोलत होते. ते संपलं की स्टुडिओत आरडाओरडा सुरू व्हायचा.

आणि हे आपल्याला माहीत नव्हतं असं तर मुळीच नाही. मुंबईवरच्या २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात तुमच्या कॅमेऱ्यांनी कमांडोंच्या हालचाली थेट दाखवल्या, आणि त्या पाहून पाकिस्तानात बसलेले सूत्रधार हॉटेलांतल्या अतिरेक्यांना फोनवरून सूचना देत होते. कसाब खटल्याच्या २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने यावर कडक शब्दांत लिहिलं, आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं नाव घेऊन त्याचं समर्थन करता येणार नाही असंही बजावलं. हा धडा महाराष्ट्रातच, मुंबईच्या रस्त्यांवर शिकायला मिळाला होता.

पलीकडे काय झालं, हा प्रश्न तुम्ही विचारालच. तिकडेही खोटं चाललं. त्यांच्या उपपंतप्रधानांनी सिनेटमध्ये एका ब्रिटिश वर्तमानपत्राचं म्हणून पाकिस्तानी हवाई दलाचं कौतुक वाचून दाखवलं. ते पान बनावट होतं, आणि तसं छापून सांगितलं ते पाकिस्तानातल्याच ‘डॉन’ या वर्तमानपत्राने. मला आपल्याकडे तसं वर्तमानपत्र हवं आहे, तशी वाहिनी हवी आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

७ ते १० मे २०२५ या काळात तुम्ही दिलेल्या ज्या बातम्या खोट्या ठरल्या, त्यांची यादी तुमच्याच पानावर आणि पडद्यावर द्या. बातमी रात्री नऊला दिली असेल तर दुरुस्ती रात्री नऊलाच, तेवढ्याच अक्षरांत, तेवढाच वेळ.

युद्धकाळात ‘सूत्रांची माहिती’ एवढ्यावर शहर पडल्याची, जहाज बुडाल्याची, माणूस मेल्याची बातमी देऊ नका. मृताचं नाव आणि पलटण, त्याच्या घरी निरोप पोचल्याची खात्री झाल्याशिवाय नको. हे लेखी धोरण म्हणून जाहीर करा.

प्रत्येक चित्रफितीवर ती कुठली आणि कधीची हे लिहा. जुनी असेल तर जुनी, बनवलेली असेल तर बनवलेली. भोंगा कायमचा बंद करा.

मृत नागरिकाला दहशतवादी म्हटलं आणि ते खोटं निघालं, तर संपादकाने स्वतः पडद्यावर येऊन, नाव घेऊन, त्या कुटुंबाची माफी मागावी. निवेदकाच्या तोंडून नव्हे.

तक्रार कुठे करायची तो पत्ता रोज दाखवा आणि आलेल्या तक्रारींचं काय केलं ते दर महिन्याला छापा.

आणि त्या वाक्याबद्दल. वापरायचंच असेल तर एस्किलसच्या नावावर वापरू नका. कुणाच्या नावाने द्यायचं असा प्रश्न पडला तर लिहा की पहिलं कोण म्हणालं ते सापडत नाही, पण पहिल्या महायुद्धात ते युद्धविरोधकांनी आपल्याच देशातल्या सरकारविरुद्ध आणि वर्तमानपत्रांविरुद्ध वापरलं. शाळा-कॉलेजांच्या निबंधांत आमची मुलं तुमचेच अग्रलेख वाचून एस्किलसचा दाखला देतात, आणि मला तो खोडावा लागतो. तुमच्या बातमीबद्दल कुणी जाब विचारला, तर उत्तर म्हणून मात्र ते वाक्य अजिबात देऊ नका. कोणती बातमी, कोणी दिली, कशाच्या आधारावर दिली आणि दुरुस्त कधी केली, एवढं सांगा.

या पत्राला उत्तर द्यायचं झालं तर मला खासगीत फोन नको. छापा, किंवा पडद्यावर वाचा.

आपली,
साताऱ्यातली एक इतिहासशिक्षिका